क्रूझचं बुकिंग: रिफंडेबल भाडं की नॉन-रिफंडेबल?

निळी वाट

पुढच्या वर्षीच्या क्रूझचं बुकिंग करायला बसले आहे. निघायला अजून ११ महिने आहेत, आम्ही चौघं, दोन केबिन. एकाच केबिनचे दोन भाव दिसतात. एक रिफंडेबल आणि दुसरा, स्वस्तातला, नॉन-रिफंडेबल. घरचे म्हणतात, स्वस्तातलं घे, आपण कशाला रद्द करतोय? मला हे अजिबात पटत नाही.

मागच्या खेपेला हेच वाक्य माझ्या तोंडी होतं. बुकिंग केलं तेव्हा आई ठणठणीत होती. पाच महिन्यांनी तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख नेमकी प्रवासाच्या आठवड्यात आली. एजंटला फोन केला, तर त्यांनी मला कन्फर्मेशनचा कागद उघडायला लावला. केबिन नंबरच्या खाली, जेवणाच्या वेळेच्या शेजारी, भाड्याच्या प्रकाराचा तीन-चार अक्षरांचा कोड होता. कागद मी कितीदा तरी उघडला होता, त्या कोडकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. त्याचा अर्थ एवढाच होता की डिपॉझिट परत मिळणार नाही. चौघांचं डिपॉझिट गेलं. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण आई कित्येक दिवस म्हणत राहिली, "माझ्यापायी सगळ्यांचं नुकसान झालं." ते ऐकणं फार जड गेलं.

म्हणून माझं मत: इतक्या आधी बुकिंग करायचं असेल आणि सोबत वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल, तर जास्तीचे पैसे देऊन रिफंडेबलच घ्यावं.

हिशेबाची वही

तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं, पण मताशी असहमत. रिफंडेबल भाड्यात आपण नेमकं काय विकत घेतो हे फार कमी लोक बघतात. बहुतेकांना वाटतं, जहाज सुटेपर्यंत कधीही रद्द करा, पैसे परत. तसं नसतं. परताव्याची सोय फक्त फायनल पेमेंटच्या, म्हणजे उरलेलं सगळं भाडं भरण्याच्या तारखेपर्यंत असते. ही तारीख साधारणपणे निघण्याच्या ७५ ते १२० दिवस आधी येते. त्यानंतर दोन्ही भाड्यांना एकच तक्ता लागू होतो: आधी पाव भाडं कापतात, मग निम्मं, मग पाऊण, आणि शेवटच्या महिन्याभरात बहुतेक ठिकाणी सगळंच. म्हणजे जास्तीचे पैसे आपण बुकिंग ते फायनल पेमेंट एवढ्याच काळासाठी भरतो. चार महिने आधी बुकिंग करणाऱ्याने रिफंडेबल घेतलं, तर त्याच्या पदरात महिना-दीड महिन्याची सोय पडते.

आता आकडे घेऊ. समजण्यापुरतं धरा की नॉन-रिफंडेबल भाडं माणशी १०००, रिफंडेबल ११०० आणि डिपॉझिट २५०. रिफंडेबल घेऊन प्रवासाला गेलात तर १०० जास्त देता, मुदतीत रद्द केलं तर काहीच जात नाही. नॉन-रिफंडेबलमध्ये गेलात तर ते १०० वाचतात, रद्द केलं तर २५० जातात. १०० भागिले ३५० (१०० अधिक २५०), म्हणजे साधारण २९ टक्के. त्या मधल्या काळात प्रवास रद्द होण्याची शक्यता २९ टक्क्यांहून जास्त असेल, तरच रिफंडेबल परवडतं. दर सात प्रवासांपैकी दोन रद्द करणारं कुटुंब मी पाहिलेलं नाही.

शिवाय काही कंपन्या डिपॉझिट पूर्ण बुडवत नाहीत. माणशी ठरावीक रक्कम कापून उरलेल्याचं पुढच्या क्रूझसाठी क्रेडिट देतात. मी आजवर नॉन-रिफंडेबलच घेत आलो. एकदा रद्द करावं लागलं, बाकीच्या खेपांना वाचलेल्या पैशांतून ते केव्हाच भरून निघालं.

निळी वाट

ती मुदतीची गोष्ट तुम्ही नीट मांडलीत, आभार. माझ्या बाबतीत ती मुदत आठ महिन्यांची आहे.

पण तुमच्या २९ टक्क्यांच्या हिशेबात एक गोष्ट राहिली. चौघांपैकी एकाला जरी अडचण आली, तरी आम्ही कोणीच जाणार नाही. आठ महिन्यांत प्रत्येकाला काही अडचण येण्याची शक्यता फक्त १२ टक्के धरा. चौघांनाही काही होणार नाही याची शक्यता ०.८८ चार वेळा गुणून येते, म्हणजे जेमतेम ६० टक्के. उरले ४०. तुमच्या २९ च्या बराच वर. आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईसाठी आठ महिन्यांत १२ टक्के हा मला कमीच वाटतो.

क्रेडिटचं म्हणाल तर त्याला मुदत असते, आणि ते त्याच कंपनीत वापरावं लागतं. दर वर्षी समुद्रावर जाणाऱ्याला ते पैशांसारखंच आहे. आयुष्यात एकदा जाणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

हिशेबाची वही

गुणाकार बरोबर आहे, आणि चौघांना एकत्र धरायला हवं होतं हेही मान्य. पण १२ टक्के सरसकट सगळ्यांना लावू नका. धडधाकट, रजा आधीच मंजूर झालेल्या माणसाला मी ३-४ टक्के धरेन. चौघंही तसेच असतील, तर एकत्रित शक्यता फार तर १५ टक्क्यांच्या आसपास राहते. तुमच्या घरी आईंचा आकडा मोठा आहे, बाकी तिघांचा नाही.

दीपस्तंभ

दोघंही एका मोठ्या गोष्टीला हात लावत नाही आहात: इन्शुरन्स. नॉन-रिफंडेबल घ्या आणि वाचलेल्या पैशांतून चांगली पॉलिसी घ्या, असं माझं सरळ मत आहे. रिफंडेबल भाडं फायनल पेमेंटनंतर काहीच कामाचं राहत नाही, आणि खरं मोठं नुकसान तर त्यानंतरच होतं. निघण्याच्या २० दिवस आधी पाय मोडला, तर नुसतं डिपॉझिट नाही, अख्खं भाडं जातं. तिथे पॉलिसीच उपयोगी पडते.

मात्र ती वेळेवर घ्यायला हवी. जुन्या आजारामुळे रद्द करावं लागलं तरी भरपाई देणाऱ्या पॉलिसी बहुधा पहिलं डिपॉझिट भरल्यापासून १४ ते २१ दिवसांतच घ्याव्या लागतात. कोणत्याही कारणाने रद्द करू देणारी पॉलिसी असते, तिलाही तशीच मुदत असते. ती महाग पडते आणि सहसा खर्चाच्या ५० ते ७५ टक्केच परत देते. फायनल पेमेंट करताना इन्शुरन्सचं बघू म्हणणाऱ्यांच्या हातून हे दोन्ही निसटतं.

नांगर

इन्शुरन्सवर एवढी भिस्त ठेवू नका. आमचा प्रवास व्हिसा न मिळाल्यामुळे रद्द झाला. पॉलिसी होती, क्लेम नाकारला. साध्या पॉलिसीत व्हिसा नाकारला जाणं हे कारण सहसा बसतच नाही. रजा नाकारली, परीक्षेची तारीख बदलली, नातेवाइकाचं लग्न ठरलं, ही खरी रोजची कारणं, आणि पॉलिसीच्या यादीत ती क्वचितच असतात. रिफंडेबल भाड्याला कारण सांगावं लागत नाही. मला त्याची खरी किंमत तिथेच वाटते.

अजून एक. केबिनचं भाडं दोन माणसं धरून ठरवलेलं असतं. दोघांतला एक गळला, तर राहिलेल्याला एकट्याने केबिन वापरण्याचा आकार पडू शकतो, काही वेळा जवळपास दुसऱ्या माणसाच्या भाड्याएवढा. "एक नाही आला तर बाकीचे जाऊ" म्हणणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं.

चंद्रकोर

सगळे रद्द करण्यावरच बोलताय. मी रिफंडेबल घेते ते भाव उतरतात म्हणून. वर्षभर आधी बुक केलेल्या केबिनचा भाव मधल्या काळात खालीवर होत राहतो. रिफंडेबल असलं की जुनं सोडून नव्या भावाने घेता येतं, जहाज किंवा तारीख फुकट बदलता येते. नॉन-रिफंडेबलमध्ये तारीख बदलली की माणशी शुल्क लागतं. काही कंपन्यांत रिफंडेबलवरून नॉन-रिफंडेबलवर नंतर जाता येतं, उलटं जाता येत नाही. म्हणून मी आधी रिफंडेबल घेते. रजा मंजूर झाली, सगळ्यांचं नक्की झालं की त्या दिवशीचा भाव बघते आणि परवडत असेल तर बदलते.

हिशेबाची वही

भाव उतरला तर नॉन-रिफंडेबलवाल्यांनाही फायनल पेमेंटच्या आधी त्याच प्रकारच्या भाड्यात तो कमी करून देणाऱ्या कंपन्या आहेत. फक्त मागावं लागतं, आणि बुकिंगच्या वेळी मिळालेली सवलत कधीकधी त्यात जाते. पण आधी रिफंडेबल घेऊन मग बदलण्याची तुमची पद्धत मला आवडली. माझ्या डोक्यात आली नव्हती.

दीपस्तंभ

नॉन-रिफंडेबल या शब्दाला लोक फार घाबरतात, म्हणून एक सांगतो. तो नियम आपण रद्द केलं तर लागतो. कंपनीने फेरी रद्द केली तर भाडं कोणतंही असो, पैसे मिळतात. मार्च २०२० मध्ये जगभरातली जहाजं थांबली, तेव्हा अनेक कंपन्यांनी रद्द झालेल्या फेऱ्यांसाठी पूर्ण परतावा किंवा भरलेल्या रकमेच्या १२५ टक्के क्रेडिट, असा पर्याय दिला. घाबरून आधीच स्वतः रद्द करणाऱ्यांना अनेकदा तो मिळाला नाही. युरोपियन युनियनमध्ये तर पॅकेज प्रवासाच्या २०१५ च्या निर्देशानुसार, जिथे जायचं तिथे टाळता न येणारी असाधारण परिस्थिती असेल, तर प्रवाशालाही शुल्क न भरता करार मोडता येतो. घरचं आजारपण मात्र त्यात बसत नाही.

नांगर

आणि विमानाच्या तिकिटाचा, बुकिंगनंतर २४ तासांत फुकट रद्द करू देणारा नियम क्रूझला लावू नका. अमेरिकेतला तो नियम विमान कंपन्यांसाठी आहे. "उद्या विचार बदलला तर रद्द करू" म्हणत नॉन-रिफंडेबलचं बटण दाबणारे मला दोन तरी माहीत आहेत. आणि भाडं पूर्ण बुडालं तरी बंदराचं शुल्क आणि कर बहुधा परत मिळतात. तेवढे मागून घ्या.

हिशेबाची वही

निळी वाट, तुमच्यासाठी एक सुचवतो. दोन केबिन आहेत ना? आईंची केबिन रिफंडेबल घ्या, दुसरी नॉन-रिफंडेबल. धोका जिथे आहे तिथेच जास्तीचे पैसे जातील.

निळी वाट

काल रात्री यावर आम्ही चौघं बसून बोललो. हिशेबाने तुमचं बरोबर आहे. पण आई घरी राहिली तर दुसऱ्या केबिनमधली माणसंही जहाजावर चढणार नाहीत, मग ती केबिन स्वस्तात घेऊन काय करू? दोन्ही रिफंडेबल घेतल्या. इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत घ्यायचा आहे, आईच्या गुडघ्याचे कागद त्यासाठी काढून ठेवलेत. फायनल पेमेंटची तारीख कॅलेंडरवर लिहिली, आणि तिच्या आठवडाभर आधीची तारीखही. त्या दिवशी आईला डॉक्टरांकडे न्यायचं आहे.