परसातल्या कामाला मशीन विकत घ्यायचं की भाड्याने?

लाल माती: परवा इथे एकाने लिहिलं, "जेसीबीच्या भाड्यात पैसे घालवू नका, सेकंडहँड मिनी एक्स्कॅव्हेटर (खोदायचं छोटं मशीन) घ्या, काम झालं की विका." वाचून राहवलं नाही. संगमेश्वर तालुक्यात आमची चौदा गुंठे उताराची जागा, मार्चमधे तीन टप्पे पाडले, हापूससाठी मीटरभर लांब-रुंद-खोल असे वीस खड्डे, कडेने पाण्याचा चर. 22 तास, तासाला 1200, झाले 26,400, डिझेल-ड्रायव्हर त्यातच. मिनी मशीनचे साडेआठ लाख सांगत होते, तेवढ्यात सातशे तास भाड्याने येतात, कोणाच्या परसात सातशे तासांचं काम असतं? आणि चालवणार कोण? आमच्या ड्रायव्हरने बकेटच्या दातांनी जमीन नुसती खरवडली आणि म्हणाला, "ताई, खाली कातळ आहे, खड्डा दोन हात सरकवा." ही नजर विकत मिळत नाही.

खालची वाडी: तुमच्या दारापर्यंत जेसीबी येतो म्हणून हे सुचतंय. आमची वाट जेमतेम पाच फुटी, तो वरच्या रस्त्यावरच थांबतो. शिवाय एप्रिल-मेमधे मालक "उद्या सकाळी नक्की" करत राहिला, तीन आठवडे गेले, पावसाने गाठलं. शेवटी दोघा भावांनी दीड टनी मिनी घेतलं. सात घरांचे शोषखड्डे आणि पाईपलाईनचे चर त्यावरच झाले.

ग्रीसगन: सात घरं झाली, पुढे? माझंही होतं असं मशीन. ऐन कामात हायड्रॉलिक पाईप फुटला, तेल सगळं मातीत, पाईप आणायला चिपळूण गाठलं, दिवस फुकट. सांध्यातले पिन-बुश झिजले की बूम, म्हणजे मशीनचा हात, लडबडतो. एक पावसाळा उघड्यावर राहिलं आणि घेणाऱ्याने किंमत निम्मी केली.

गडगा: भाड्याचं की विकतचं हे नंतर बघा, आधी सांगा किती जणांनी मशीन आत घ्यायला जुना गडगा, म्हणजे नुसते दगड रचलेली भिंत, फोडलाय? माझ्या काकांनी फोडला. जागी काँक्रीटची भिंत घातली, पाणी जायला एक भोक ठेवलं नाही. 2021 च्या जुलैत मागे पाणी तुंबून सगळी भिंत तुळशीवर आली. बिनचुन्याच्या गडग्यातून पाणी झिरपून जातं हो!

ग्रीसगन: गडगा रचणारा माणूस आणून दाखवा आधी. गावात दोघं उरलेत, दोघंही साठीच्या पुढचे.

गडगा: चर काढायला दिवसाला हजारो मोजता, त्यांना बोलवायला जड जातं! त्यांनी माझा तीस फूट गडगा आठ दिवसांत उभा केला, त्याच जुन्या दगडांचा.

खालची वाडी: प्रत्येक विषयात गडगा आणू नका. माझ्या मशीनने एक दगड हललेला नाही, मिनी आहे म्हणूनच. जेसीबीवाल्यांना विचारा.

लाल माती: मला विचारताय तर सांगते, आमचा सात-आठ फूट फोडला. चुकलंच. वरची काळपट मातीही ड्रायव्हरने खाली ढकलली, खड्ड्यांत भरायला ती वेगळी ठेवायला हवी होती, आता शेणखत विकत आणतेय. पण याला भाडं कारण नाही, मी तिथे उभी नव्हते.

खालची वाडी: म्हणजे तासावर येणाऱ्याला घाई असते हे तरी कबूल करा.

लाल माती: तेवढं कबूल. आणि पाच फुटी वाटेला मिनीच लागणार, तेही. पण मिनीही भाड्याने मिळतं, साडेआठ लाख कशाला गुंतवायचे?

खालची वाडी: आमच्या तालुक्यात कोणाकडे मिळतं ते सांगा, मी माझं उद्या विकतो.

गडगा: विकण्याआधी आमच्याकडे दोन दिवस पाठवा, विहिरीकडचा चर काढायचाय. गडग्याला हात लावायचा नाही मात्र.