डोनित्झची १० वर्षं: न्याय की जेत्यांचा सूड?

दर्यावर्दी:
दुसऱ्या महायुद्धातला हिटलरचा नौदलप्रमुख कार्ल डोनित्झ. युद्धानंतर नाझी नेत्यांवर न्युरेंबर्गला चाललेल्या खटल्यात त्याला १० वर्षांची शिक्षा झाली, हा त्याच्यावर अन्यायच, असं माझं स्पष्ट मत. १९१० साली जर्मन सम्राट कैसरच्या नौदलात भरती. पहिल्या महायुद्धात आधी ‘ब्रेस्लाउ’ क्रूझरवर, मग पाणबुड्यांवर. ऑक्टोबर १९१८ मध्ये भूमध्य समुद्रात त्याची यूबी-६८ पाणबुडी बुडाली आणि तो इंग्रजांच्या कैदेत सापडला. पुढे त्यानेच पाणबुड्यांनी झुंडीने हल्ला करायचं तंत्र बसवलं. मागत होता ३००, १९३९ ला मिळाल्या ५७, तरी ब्रिटनच्या नाकी नऊ आणले. त्याच्यावरचा आरोप काय, तर इशारा न देता व्यापारी जहाजं बुडवली. अमेरिकेने प्रशांत महासागरात पहिल्या दिवसापासून तेच केलं. तिथल्या अमेरिकन आरमाराचा प्रमुख, खुद्द अ‍ॅडमिरल निमित्झने न्युरेंबर्गच्या कोर्टाला तसं लेखी कळवलं. मग एकाच्या गळ्यात हार आणि दुसऱ्याला बर्लिनमधला स्पांडाउचा तुरुंग?

खाडीकिनारा:
साहेब, निमित्झचं उत्तर कोर्टाने मानलं होतं! पाणबुडी युद्धातल्या नियमभंगासाठी ही शिक्षा मोजलेली नाही, असं निकालात स्वच्छ लिहिलंय. ती झाली आक्रमक युद्ध चालवल्याबद्दल आणि इतर युद्धगुन्ह्यांबद्दल. जहाजबांधणीच्या गोद्यांत माणसं कमी पडतात म्हणून छळछावण्यांतले १२,००० कैदी कामाला लावा, ही याच गृहस्थाची शिफारस. मार्च १९४४ च्या भाषणात ज्यूंच्या ‘विषा’बद्दल बोलणाराही हाच. ‘आम्ही आपले साधे दर्यावर्दी, राजकारणातलं काय कळतंय’ हे सोंग त्याने १९८० मध्ये मरेपर्यंत वठवलं, आणि लोकांनी ते खपवूनही घेतलं.

बंड्या_बोटवाला:
‘लॅकोनिया’ हे ब्रिटिश जहाज विसरलात काय? सप्टेंबर १९४२. यू-१५६ या जर्मन पाणबुडीने ते बुडवलं आणि बुडणाऱ्यांना वाचवायलाही तीच पाणबुडी थांबली. वर रेडक्रॉसचा झेंडा पसरलेला, तरी अमेरिकन विमानाने बॉम्ब टाकले. त्यानंतर डोनित्झने ‘कुणाला वाचवायला थांबू नका’ असा हुकूम काढला तर चुकलं काय? कुठलाही सेनापती आधी आपली माणसं बघणार.

खाडीकिनारा:
लॅकोनियापुरतं तुमचं बरोबर, तो बॉम्बहल्ला लाजिरवाणाच होता. पण ‘आपली माणसं बघणार’ हे डोनित्झबद्दल म्हणू नका. सुमारे ४०,००० पाणबुडी सैनिकांपैकी ३०,००० च्या आसपास परतले नाहीत. मे १९४३ मध्ये एका महिन्यात ४१ पाणबुड्या गेल्या, त्यातल्या एकीवर त्याचा धाकटा मुलगा होता. तेव्हा उत्तर अटलांटिकमधून माघार घेतली खरी, पण थोड्याच महिन्यांत पुन्हा पोरं पाठवायला सुरुवात. रडार आणि विमानांपुढे टिकाव लागत नाही हे कळत असूनही.

दर्यावर्दी:
स्वतःचे दोन्ही मुलगे गमावलेल्या माणसाबद्दल असं लिहिणं सोपं असतं. आणि १९४५ चं काय? हिटलर मेल्यावर हाच राष्ट्रप्रमुख झाला, पूर्वेकडून लाखो निर्वासित बाल्टिक समुद्रातून बाहेर काढले, मग शरणागती पत्करली. ते श्रेय तरी द्याल की नाही?

खाडीकिनारा:
थोडं देतो. पण त्याच दिवसांतली ही नोंद पाहा. डेन्मार्कमधल्या जर्मन फौजांनी ५ मेला शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा टॉर्पेडो बोटींच्या दलातले काही खलाशी घरच्या वाटेला लागले. नौदलाच्या कोर्टाने त्यातल्या तिघांना पळपुटे ठरवलं आणि १० मेला, म्हणजे संपूर्ण शरणागतीनंतर, गोळ्या घातल्या. डोनित्झचं सरकार तेव्हा डेन्मार्कच्या सीमेजवळच्या फ्लेन्सबुर्गला बसलं होतं, गोळ्या घातल्या त्या जागेपासून फार लांब नाही.