अनुभव धागा: छोट्या परदेशी विद्यापीठातून पीएचडीच्या अर्जापर्यंत

बेळगावात टिळकवाडीला माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. ‘सर, नाव कधी ऐकलं नाही असल्या कॉलेजात पोरीला घालायचं काय? पुढं पीएचडीला कोण घेईल?’ मी स्वतः परदेशात शिकलेलो नाही, म्हणून आपल्या भागातून जे गेले त्यांनाच लिहायला सांगितलं. काय अडलं तेही लिहा, असा आग्रह धरला. कोणी राहिलं असेल तर खाली जरूर भर घाला.

कागवाडची, सध्या अमेरिकेत पीएचडी

मी अमेरिकेत केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजात चार वर्षं शिकले. तिथं १८९२पासून ट्यूशन फी घेत नाहीत आणि प्रत्येकाला आठवड्याला किमान १० तास कॉलेजचं काम करावं लागतं. मला झाडू बांधायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी समोर पेंढी ठेवली, ती हातात घेतली आणि ओळखीचाच वास आला. ती ज्वारीच होती! झाडूसाठीचं हे वाण वेगळं, तुरा हातभर लांब आणि सरळ, पण जात तीच. आमच्या रानात शाळू काढताना आजीच्या मागं फिरलेली मी, तिथं बसून ज्वारीच्या काड्या तारेनं आवळत होते.

हे मी जीवशास्त्राच्या मॅडमना सांगितलं. वर्गात आम्ही चौदाजण, त्यामुळं सांगायला वेळ मागावा लागला नाही. त्यांनी मला दाणा भरताना पाणी तुटलं तरी पानं हिरवी राहणाऱ्या ज्वारीवरचे लेख वाचायला दिले, मग एका खोलीत दिव्याखाली वीस कुंड्या मांडून दिल्या. रोपं दोनदा मेली. तिसऱ्यांदा पेरली तेव्हा जगली.

अमेरिकेत बहुतेक पीएचडीचे अर्ज डिसेंबरात जातात आणि तीन शिफारसपत्रं लागतात. ती पत्रं आपल्याला दिसत नाहीत. मॅडमनी काय लिहिलं ते मला मुलाखतीत कळलं. समोरच्या प्राध्यापकांनी पहिलाच प्रश्न केला, ‘दोनदा मेलेल्या रोपांचं सांग.’ जायच्या आधी इकडं गावाकडं बीएस्सीला आम्ही एका वर्गात एकशेवीस होतो. मी वर्षभरात तिथून बाहेर पडले, पण तिथल्या कुठल्या सरांनी माझ्याबद्दल असं लिहिलं असतं, हे मला खरंच सांगता येत नाही. कागवाडला घरी फोन करून सांगितलं तेव्हा आजी एवढंच म्हणाली, ‘शाळूवर शिकायला एवढं लांब गेलीस होय गं?’ आणि रडली.

शहापूर, बेळगाव

माझा अनुभव थोडा कडू आहे. एजंटाच्या भरवशावर अमेरिकेत गेलो आणि माहितीपत्रकातले फोटो बघून ठरवलं, ही माझी चूक. गणित घेतलं होतं. विभागात प्राध्यापक चार. वरचे विषय एक वर्षाआड शिकवायचे. त्यातलं रिअल ॲनालिसिस माझ्या तिसऱ्या वर्षी नव्हतंच, चौथ्या वर्षी मिळालं, तोवर पीएचडीच्या अर्जाची मुदत निघून गेली होती. उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना संशोधनासाठी घेणारे नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकी सरकारी संस्थेचे कार्यक्रम असतात, पण तो पैसा अमेरिकी नागरिक आणि तिथल्या कायम रहिवाशांनाच मिळतो. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

एका सरांनी तारलं. दर गुरुवारी दुपारी त्यांच्या खोलीत फळ्यापाशी मी एकट्यानं प्रमेयं मांडायची, ते चुका काढायचे. त्या गुरुवारांवर मला पुढं प्रवेश मिळाला, पण एक वर्ष जादा गेलं. तुम्ही जायच्या आधी मागच्या चार वर्षांत कुठले विषय प्रत्यक्ष शिकवले, ती यादी ई-मेलनं मागा. देतात.

उद्यमबाग

वडिलांची फाउंड्री. मी मास्टर्स जर्मनीत फ्रायबर्गला केलं. खाणकामाचं विद्यापीठ, १७६५चं, गाव आपल्या बेळगावापेक्षा कितीतरी लहान. इंडियम १८६३ला आणि जर्मेनियम १८८६ला तिथंच सापडलं. साच्याच्या वाळूत ओल किती आहे ते आमचे पप्पा मुठीत दाबून, गोळा मोडून सांगतात. तिथल्या प्रयोगशाळेत मीही आधी मूठच दाबली. शेजारचे तंत्रज्ञ काका हसले नाहीत, मला बाजूला घेऊन यंत्रावर तीच वाळू मोजून दाखवली. माझा अंदाज जवळ होता. माझा प्रबंध पुढं वाळूवरच झाला.

जर्मनीत पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा नोकरीच, जागेची जाहिरात निघते. दुसऱ्या शहरातल्या जागेसाठी अर्ज केला तेव्हा माझ्या मार्गदर्शकांनी स्वतः फोन केला. जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांनी एपीएस प्रमाणपत्राला (आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासून देतात ते) लवकर लागावं, भारतीय विद्यार्थ्यांना ते नोव्हेंबर २०२२पासून बंधनकारक आहे.

निपाणी, मुलीची आई

मी कागदांचंच लिहिते. कॉलेजकडून आर्थिक मदत मागायच्या अर्जात घरचं उत्पन्न विचारतात. आमचा उत्पन्नाचा दाखला आणि जमिनीचा उतारा, दोन्ही कन्नडमध्ये. इंग्रजी भाषांतर करून नोटरी करायला तीन खेपा झाल्या. शिवाय दर महिन्याची मिळकत लिहा म्हणतात, आणि तंबाखूचा पैसा आम्हाला वर्षातून एकदा बघायला मिळतो. शेवटी हे सगळं मुलीनं एका पानावर सरळ लिहून सोबत जोडलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं: पान वाचलं, समजलं, आता फक्त एक गुंठा म्हणजे किती ते कळवा.