विषय: शनिवारची सायकलदिंडी – सोळा भरत नाहीत

सुप्रिया (शाळा समिती):
शनिवारी मुलांना सायकलीने मराठी वर्गाला नेणाऱ्या दिंडीचा फॉर्म काल रात्री बंद केला. १८ नावं आली आहेत, ११ मुलं आणि ७ मोठे. फेरबांडला, म्हणजे जर्मनीत कायद्याने एकत्र चालणारा एकच गट मानायला, सोळा सायकलस्वार लागतात, ते भरले. तेव्हा मार्ग डामवरून, म्हणजे बांधावरच्या रस्त्यानेच ठेवते. पहिला थांबा २:२०, दुसरा २:२८, वर्गावर २:५५. थांब्यावर दोन मिनिटं थांबू, त्याहून जास्त कुणासाठीच नाही. वेळ पक्की असली की मुलं स्वतःहून आईबाबांना घाई करतात. उत्सव समितीची पिवळी जॅकेटं मिळतील का?

मंदार:
सुप्रिया, सोळा भरलेले नाहीत. कायद्यात 'पंधरापेक्षा जास्त सायकलस्वार' आहे आणि ते रस्त्यावर चालवणारे हवेत. आपल्या ११ पैकी ४ मुलं आठ वर्षांखालची आहेत. त्यांना फुटपाथ किंवा रस्त्यापासून बांधकामाने वेगळा काढलेला सायकलमार्गच बंधनकारक आहे. रस्त्यावर नुसता पट्टा रंगवलेला असेल तर तो चालत नाही. त्या चौघांबरोबर दोन मोठे फुटपाथवर गेले की रस्त्यावर उरतात १२. म्हणजे फेरबांड नाही. म्हणजे पहिला हिरव्यावर निघाला तर बाकीच्यांनी लाल झाल्यावरही मागून जायचं, ही सवलतही नाही. प्रत्येकाला सिग्नल वेगळा.

आणखी एक. आठ पूर्ण झालेल्या मुलाला दहा पूर्ण होईपर्यंत फुटपाथवरून जाता येतं, पण मोठ्या माणसाला त्याच्यासोबत फुटपाथवर सायकल चालवता येत नाही. ती मुभा फक्त आठच्या आतल्या मुलासोबत आहे. आणि फुटपाथवरून रस्ता ओलांडताना मूल आणि सोबतचा मोठा, दोघांनीही उतरून सायकल हातात धरायची.

प्रसाद:
मग अजून चार मोठे जमवू. त्यात काय अवघड आहे? दोघांनी आडव्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून गाड्या थांबवल्या की प्रश्न मिटला. बार्सिलोनात २०२१ पासून शाळेच्या सायकली अशाच जातात.

मंदार:
प्रसाद, तिथे पोलीस सोबत असतात. इथे रहदारी थांबवण्याचा अधिकार पोलिसांना आहे, पिवळ्या जॅकेटाला नाही. पोलीस हवे असतील तर सभा म्हणून नोंद करावी लागेल, आणि ते दर शनिवारी कोण करणार? शिवाय आज मोजून सोळा आणले आणि पाऊस लागला की अकरा येतील. ज्या दिवशी आकडा पडेल त्या दिवशी नियम बदलणार आणि मुलांना ते कळणार नाही. सोळावर अवलंबून असलेली दिंडी नकोच.

अनिलकाका (खजिनदार):
विम्याचं मी स्पष्ट सांगतो. सरकारी शाळेच्या वाटेवर मुलाला कायद्याने अपघात विमा असतो. आपला मराठी वर्ग त्यात येत नाही. मंडळाच्या पॉलिसीत 'सायकलफेरी' लिहिलेलं आहे का, ते मी सोमवारी विचारतो. तोवर ही फेरी मंडळाची म्हणून जाहीर करू नका, पालकांची म्हणा.

ऋजुता:
काका, त्याला जोडून. चालत्या गाडीशी अपघात झाला तर दहा वर्षांखालचं मूल नुकसानभरपाईला जबाबदार नसतं, पण नीट उभ्या केलेल्या गाडीला ओरखडा काढला तर ही दहाची सूट लागू होत नाही. तिथे सात वर्षं ही मर्यादा. म्हणून घरच्या हाफ्टप्फ्लिश्टमध्ये (आपल्याकडून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा) लहान, जबाबदारी न ठरणाऱ्या मुलांनी केलेलं नुकसान धरलंय का, ते प्रत्येकाने बघा. हँडल घासून गाडीचा आरसा तुटणं हीच सर्वांत साधी घटना असते.

सुप्रिया:
अनिलकाका, ठीक. मंदार, मग डाम सोडून नदीकाठच्या कुरणातली वाट घेऊ का? तिथे रस्ता नाही, आठच्या आतल्यांनाही चालेल. पाणी चढलं की मात्र ती वाट बुडते, त्या दिवशी फेरी रद्द.

मंदार:
हो, तेच करू. मग अडचण उरते पुलापलीकडच्या एका सिग्नलची. हिरवा १२ सेकंद आहे. लहान मूल सुरुवातीला सेकंदाला दोनएक मीटर सरकतं. सायकल आणि मधलं अंतर धरून एकाला साडेतीन मीटर लागतात. म्हणजे १२ सेकंदांत सहा, फार तर सात. म्हणून सहा-सहाच्या तुकड्या: पुढे एक मोठा, मग चार मुलं, शेवटी एक मोठा. ११ मुलांना तीन तुकड्या, ६ मोठे, सातवा राखीव. पलीकडे गेलेल्या तुकडीने कोपऱ्यावर नाही, दहा मीटर पुढे थांबायचं. नाहीतर मागच्यांना उभं राहायला जागा उरत नाही आणि शेवटचं मूल रस्त्यातच अडकतं.

सिग्नल सोडून इतरत्र मधलं अंतर दोन सायकलींचं ठेवा. मुलं पुढच्याच्या चाकाला चाक भिडवतात. पुढच्याने जरा वळवलं की मागच्याचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला घासतं आणि पडतो तो मागचाच.

प्रसाद:
मान्य. पण तुकड्यांत मजा जाते. दोघंदोघं बोलत गेले तर मुलं पुन्हा येतील.

सुप्रिया:
कुरणात जोडीने जाऊ दे, सिग्नलला एकेरी. आणि पहिल्या तुकडीत कोण, ते दर आठवड्याला मुलांनीच ठरवायचं.

ऋजुता:
दिव्यांचं कुणी बोललंच नाही. ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की वर्ग सुटताना पाच वाजता अंधारायला लागतं. वीस इंचाखालच्या बऱ्याच सायकलींना दिवे येतच नाहीत. बॅटरीचे चालतात, पण त्यांवर 'के' आणि आकडे असा मान्यताक्रमांक बघा. लुकलुकणारा लावू नका, चालत नाही. हेल्मेटचा कडा भुवईच्या दोन बोटं वर, हनुवटीखाली एक बोट शिरेल इतका पट्टा. ओढणी, मफलर आत खोचा, दप्तर पाठीवर, हँडलला काहीही लटकवायचं नाही. ओल्या पानांवर वळताना ब्रेक दाबायचा नाही, आधीच दाबून वेग कमी करायचा. हे मुलांना कोरड्या जागेवर एकदा करून दाखवा.

उत्सव समिती:
जॅकेटं २४ आहेत, मोजून देऊ, मोजून परत घेऊ. गेल्या मिरवणुकीतली दोन अजून आलेली नाहीत.

मंदार:
हवेबद्दल एक. लहान सायकलींना बऱ्याचदा ब्लिट्झ व्हॉल्व्ह असतो, आपल्याकडच्या व्हॉल ट्यूबवाल्याचाच भाऊ. गाडीच्या व्हॉल्व्हचा पंप त्याला बसत नाही. अनिलकाकांकडचा उभा पंप चालतो. ब्रेकची मूठ दाबली की हँडलला टेकत असेल तर केबल ताणायची आहे, ती सायकल तशी आणू नका. शनिवारी १:४५ ला पहिल्या थांब्यावर तपासतो. १० आणि १५ नंबरचे पाने आणि टायरचे लिव्हर मी आणतो. पॅच कुणी आणेल का?