मदत हवी आहे: विळीवरून सुरीवर येतेय, कोणती घेऊ?

नमस्कार मंडळी. मी लातूरची. वीस वर्षं विळीवर चिरतेय, पण आता गुडघे खाली बसू देत नाहीत. ओट्यापाशी उभं राहून चिरायला चांगली मोठी सुरी घ्यायचीय. सध्या प्लास्टिकच्या मुठीची एक छोटी आहे; टोमॅटोवर ठेवली की आधी साल दबतं, मग रस उडतो, चिरणं राहतं बाजूलाच. परवा लाल भोपळ्यात अशी रुतली की भोपळ्यासकट उचलून आपटावी लागली. सासूबाई विळीवर बसून नुसत्या बघत होत्या!

दुकानदार 8 इंची शेफ नाइफ दाखवतो. माझा हात लहान, मग 6 इंची घेऊ की 7 इंची सांतोकू (सगळ्या कामाची जपानी सुरी)? जपानी सुरीचं पोलाद कडक, धार टिकते, पण पातं पातळ, कडक वस्तूवर टवका उडू शकतो. आमच्याकडे भोपळा, सुरण, गुळाची ढेप, सगळंच. जर्मन धाटणीची जाड असते, धार लवकर उतरते पण लावायला सोपी. कार्बन स्टील बाद: चिंच-लिंबाने डाग, ओली राहिली की गंज, आणि घरात पुसून ठेवणारी मी एकटीच.

दुसरं, धार. गल्लीत सायकलवाला येतो, पण त्याच्या चाकावरच्या ठिणग्या बघून नवी सुरी द्यायला धीर होत नाही. तापून पोलाद मऊ पडतं ना? घरी धार लावायचा 1000 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) दगड कुणी वापरतं का? शिकायला जमेल?

बजेट दीड हजार. वापरून बघितलेल्यांनीच सांगा.