कूपन लागले, पण ‘सोडतीला हजर नव्हतात’ म्हणून बक्षीस नाकारले

प्रश्न (चाकरमानी, कुडाळ):
गणपतीला गावी आलो असताना कुडाळच्या एका दुकानातून फ्रीज घेतला आणि बिलासोबत सोडतीचे कूपन मिळाले. पहिले बक्षीस स्कूटर. दसऱ्याला सोडत झाली तेव्हा आम्ही मुंबईस परतलो होतो. चुलतभावाने दुकानाच्या काचेवर चिकटवलेल्या यादीचा फोटो पाठवला, त्यात पहिला क्रमांक आमचाच. आता दुकानदार म्हणतो की सोडतीला हजर राहण्याची अट होती. शिवाय सोडत म्हणजे जुगारच, त्यामुळे करार कोर्टात टिकणार नाही. कूपनच्या मागे मात्र ‘दुकानदाराचा निर्णय अंतिम राहील’ एवढेच छापले आहे. दावा करता येईल का?

उत्तर 1:
भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 8 नुसार प्रस्तावातील अटींची पूर्तता करणे हीच स्वीकृती ठरते, त्यामुळे तुम्ही खरेदी करून कूपन घेतलेत तेव्हाच अटी ठरल्या. नंतर आठवलेली अट त्यात घुसडता येत नाही. कलम 30 पैजेचे करार शून्य, म्हणजे कोर्टात न टिकणारे, ठरवते हे खरे, पण पैजेत दोन्ही बाजूंना हरण्याची जोखीम असावी लागते, आणि तुम्ही तर मोजलेल्या पैशांचा फ्रीज घरी नेलात.

उत्तर 2:
वरील मुद्दा पटतो, तरी केवळ करारावर विसंबू नका, कारण खाजगी लॉटरी बेकायदा असल्याचा बचाव दुकानदार घेईलच. (स्वतःच काढलेली सोडत बेकायदा म्हणायला धाडस लागते!) ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 2(47) मध्ये, देण्याचा इरादा नसताना बक्षीस जाहीर करणे आणि विक्री वाढवण्यासाठी सोडत काढणे या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत येतात, म्हणजे त्या बचावाने तो तिथे अधिकच अडकतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. ती सिंधुदुर्गातच केली पाहिजे असे नाही. तुम्ही राहता त्या मुंबईतील जिल्हा ग्राहक आयोगाकडेही करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मूळ कूपन कोणाच्याही हाती देऊ नका, आणि यादीच्या फोटोची मूळ फाइल चुलतभावाच्या फोनमध्ये तशीच राहू द्या.

उत्तर 3:
तडजोड झालीच, तर दुकानदार स्कूटर सोपवण्यापूर्वी 30 टक्के कर मागेल. ती लबाडी समजू नका. बक्षीस वस्तुरूपात असले तरी कर भरल्याची खात्री करूनच ते द्यावे लागते. नव्वद हजारांच्या स्कूटरवर हे सत्तावीस हजार होतात.