सगळ्यात दमवणारा वॉर्ड कोणता? सिस्टर, जरा सांगा

ए-१०२ : नमस्कार मंडळी. धाकटीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. पुढे आयसीयूत जायचं म्हणतेय. आमच्या हिचं म्हणणं, सगळ्यात अवघड तेच, दुसरं काहीतरी घे. सोसायटीच्या ग्रुपवर या कामातले दोघं-तिघं आहेत म्हणून विचारतो.

बी-२०१ : आयसीयूच. त्यात विचारायचं काय?

सी-५०१ : काका, मी कॅज्युअल्टीत आहे. आयसीयूत पेशंटला काय झालंय हे निदान माहीत असतं. आमच्याकडे हार्ट अटॅकवाला चालत येतो, नुसतं छातीत जड वाटतंय म्हणतो, आणि बोट कापलेला सगळा मजला डोक्यावर घेतो. आधी कोणाला घ्यायचं ते दोन मिनिटांत ठरवायचं. चालत आलेल्याला आधी घेतलं की बोटवाल्याचे नातेवाईक अंगावर येतात.

ए-४०३ : नातेवाईकांचं अगदी खरं, ब्रदर. पण एकदा एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत या. ८०० ग्रॅमचं बाळ, माझी अंगठी त्याच्या हातात कड्यासारखी बसेल. शीर दोऱ्याएवढी. औषध ०.१ मिली. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. म्हणून धोक्याचं औषध दोघींनी तपासल्याशिवाय देत नाही, रात्रीचे ३ वाजले असले तरी. व्हेंटिलेटरवरचं बाळ रडतं, पण घशात नळी असते, आवाज येत नाही. नुसतं तोंड दिसतं.

ए-१०२ : बापरे 😟

बी-२०१ : आणि ऑपरेशन थिएटर?

सी-५०१ : पाय जातात, बाकी ठीक. फक्त रक्त टिपायच्या गॉझची मोजणी जुळली नाही की पोट शिवायचं थांबतं आणि सगळे आपल्याकडे बघत उभे राहतात 😄

सेक्रेटरी : मध्येच टाकतोय, माफ करा. उद्या ११ ते १ बी विंगची लिफ्ट बंद.

बी-२०१ : ३०४ च्या मावशी कुठे आहेत? त्यांना विचारा.

बी-३०४ : मावशी नका म्हणू हो, वॉर्डातल्या मावशी वेगळ्या, त्यांच्याशिवाय आमचं पान हलत नाही. सिस्टरच म्हणा.
३१ वर्षं झाली नोकरीला, त्यातली ६ बर्न्समध्ये. मनाला सगळ्यात जड तेच गेलं. भाजलेल्या अंगातली उष्णता टिकत नाही, म्हणून खोली गरम ठेवतात. त्यात आपण गाऊन, मास्क, ग्लोव्ह्ज घालून तास-तास ड्रेसिंग करायचं. पहिल्या दिवशीची सलाईन हिशोबाने : निम्मी पहिल्या ८ तासांत. ते ८ तास भाजल्या क्षणापासूनचे, हॉस्पिटलात आल्यापासूनचे नव्हेत. नवीन मुली इथेच चुकतात. आणि ट्रॉलीचं चाक वाजलं की पेशंट आधीच आक्रसायचा. सुट्टीच्या दिवशी कुठे चाक करकरलं तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

ए-१०२ : म्हणजे बर्न्स सगळ्यात अवघड?

बी-३०४ : नाही ना. सगळ्यात दमले ते साध्या मेडिकल वॉर्डात. त्याला कोणी स्पेशालिटीसुद्धा म्हणत नाही. एकाची सलाईन संपतेय, दुसऱ्याची शुगर ५० पर्यंत उतरलीय, तिसऱ्याला बेडपॅन हवंय, चौथ्याचे लोक डिस्चार्जसाठी डोक्यावर उभे. आणि कोपऱ्यात एक आजोबा गप्प पडलेत. एका नाईटला मी अशाच आजोबांजवळून दोनदा गेले, झोपलेत असं वाटलं. तिसऱ्यांदा हात लावला तर अंग गार, घामाने चिंब, श्वास मिनिटाला ३२. आयसीयूत मॉनिटरने केव्हाच बोंब मारली असती. वॉर्डात मॉनिटर म्हणजे मीच, आणि त्या रात्री माझ्याकडे २८ पेशंट होते. आजोबा वाचले. मी घरी येऊन चपलाही न काढता बसून राहिले.

ए-४०३ : सिस्टर 🙏 आम्हाला यावरच शिकवलं होतं. नर्सिंगमधल्या संशोधक लिंडा एकेन यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हानियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास २००२ मध्ये छापला. नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेला पेशंट ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते.

सी-५०१ : कॅलिफोर्नियाने २००४ पासून कायद्यानेच आकडा बांधलाय. आयसीयूत एका नर्सकडे फार तर २, कॅज्युअल्टीत ४.

बी-२०१ : तरी आयसीयूत रोज मरण बघावं लागतं, ते काय कमी?

बी-३०४ : कमी कोण म्हणतंय? आणि मानसोपचार वॉर्ड कोणी काढलाच नाही. जिवाचं बरंवाईट करेल असा पेशंट असला की दर १५ मिनिटांनी बघून सही करायची, रात्रभर. अंगाला काही लागत नाही, पण डोकं रिकामं होतं.
पोरीला सांगा, वॉर्डाचं नाव बघू नकोस. मुलाखतीला दोन गोष्टी विचार : रात्री एका नर्सकडे किती पेशंट असतात, आणि नवीन मुलीला किती आठवडे सीनिअरबरोबर ठेवतात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे जाऊ नकोस.

ए-१०२ : ती शेजारी बसून वाचतेय. म्हणते, तरी आयसीयूच.

बी-३०४ : मग जाऊ दे की. उद्या दुपारी पाठवा माझ्याकडे.

सी-५०१ : ४ नंतर असेल तर मीही येतो. नाईट आहे, तोवर झोपेन.

बी-२०१ : लिफ्ट किती ते किती बंद म्हणालात?